सासूबाई पिंपात

जावईबापूंनी परसातल्या पिंपाचं झाकण घट्ट आवळलं, खाली जाळ केला आणि पाहुणे म्हणून आलेल्या सासरेबुवांना शिकवायला घेतलं.

"लाकूड जळतं ते हवेमुळे. हवाच मिळाली नाही, की ते नुसतं भाजतं. मग गॅस सुटतो, काळं तेल गळतं आणि उरतो कोळसा. सगळं कामाचं!"

पिंपाला जोडलेल्या नळीच्या तोंडाशी गॅस पेटला तशी त्यांची छाती फुगली. शाळेत विज्ञान शिकवताना त्यांचं एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात बायको धावत आली. चेहरा पांढराफटक.

"अहो, आईचं डोकं कुठंय?"

"असेल की त्यांच्या खांद्यावर!"

"लाकडाचं हो! बाबांनी कोरलेलं!"

सासरेबुवांनी वर्षभर खपून सासूबाईंचा मुखडा कोरला होता आणि कालच लेकीला भेट आणला होता. कपाटावर तो नव्हता. आणि लाकडाच्या तुकड्यांचं अख्खं पोतं तर जावईबापूंनी न बघताच पिंपात उपडं केलं होतं.

सासरेबुवा मटकन खाली बसले. "म्हणजे... ही यात?"

नळी फुर्रर्र करून फुत्कारली. "अगंबाई!" बायको किंचाळली.

"उघडा झाकण!" सासरेबुवा ओरडले.

"नाही हो उघडता येत! आत्ता हवा लागली तर भडका उडेल, राखच होईल!"

"मग काय, नुसतं बघत बसू?"

"गार होईपर्यंत... हो."

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. आता सासुरवाडीला तोंड कसं दाखवायचं?

"जाऊ द्या हो, नशिबात नव्हतं," दारातून सासूबाई म्हणाल्या. त्यांना इतकं गोड बोलताना जावईबापूंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना आणखीच धडकी भरली.

संध्याकाळी गार पिंप उघडलं. कोळशाच्या तुकड्यांतून मुखडा निघाला. अख्खा! काळाकुळकुळीत, जरासा आक्रसलेला, पण तेच भलंमोठं नाक आणि त्याच कपाळावरच्या आठ्या.

सासरेबुवांचे डोळे भरून आले. "वाळवी लागेल म्हणून जीव टांगणीला होता हो माझा. आता?"

"आता वाळवीची काय बिशाद! कोळसा शेकडो वर्षं कुजत नाही," जावईबापूंनी सुटकेचा श्वास सोडला.

"शेकडो वर्षं?" सासूबाईंनी पायरीवर बसकणच मारली. मग जावयाला जवळ ओढून त्या कानाशी पुटपुटल्या, "हे नाक? शेकडो वर्षं? अहो, जळून जाईल म्हणून तर मी ते पोत्याच्या तळाशी कोंबलं होतं!"

 तिकडून सासरेबुवा उत्साहानं म्हणाले, "आता हिचा पूर्णाकृती पुतळाच करायला घेतो. तेवढं मोठं पिंप मिळेल ना?"