लोणीतला एकमेव फ्लॅट

गेनूतात्यांच्या दारात उभा राहून मी हाक मारली, "तात्या हायेत का घरात?"

आतून तात्यांचाच आवाज आला, "बेल वाजव."

म्हटलं, "अवो, लाईट न्हाई. लोडशेडिंग चालू हाये."

"मग लाईट आल्यावर ये."

मी आमच्या लोणीतला वायरमन. ती बेल मीच बसवलेली. धंद्यात मला दोनदा करंट बसलाय, एकदा तर खांबावरून खाली आलोय, पण असा झटका कधी बसला नव्हता. आमच्या गावात दिवसाउजेडी दार लावलं की लोक विचारतात, कुणी आजारी आहे का? आणि हा पाच एकर बागायतीचा धनी, धोतर-टोपीतला पंचावन्न वर्षांचा गडी, बंद दाराच्या भिंगातून मला न्याहाळत होता! मी खरंच तासभर पारावर बसून लाईटची वाट बघितली. लाईट आली, बेल वाजवली, तेव्हा तात्यांनी दार उघडलं आणि हसून म्हणाले, "कोण? तू व्हय? ये की, राव!"

हे खूळ सुरू झालं ते लेकीच्या लग्नानंतर. सुमन ही त्यांची एकुलती एक. सुमन सातवीत असताना तिची आई वारली, तेव्हापासून तात्यांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि पुण्याला दिली. लग्नानंतर तात्या एकदाच तिच्या फ्लॅटवर जाऊन आले. जेमतेम तासभर बसले असतील. परत आले ते वेगळेच होऊन. एसटीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाले, "आपलं घर आजून चड्डीत हाये रे. घर कसं, पोक्त पायजे!"

तेव्हापासून 'पोक्त' हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. कुणाच्याही घरी गेले की ते घराचं वय सांगायचे. सरपंचांचा दुमजली बंगला बघून म्हणाले, "उंची वाढली, पर मिसरूड न्हाई फुटलं." सरपंचांनी त्यांना चहाही विचारला नाही. माझ्या घरी येऊन लोंबकळणाऱ्या वायरींकडे बघत म्हणाले, "तुझं तर आजून रांगतंय." मला राग आला. पण बोलणार काय? वायरमनच्याच घरात वायरी लोंबत होत्या.

तोवर हे नुसतं बोलण्यापुरतं होतं. मग सुमनला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तात्यांचा पाय जमिनीवर ठरेना. मंचरच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटूनसुद्धा आले. पण सुमनच्या सासूबाईंचा फोन आला, "सातव्या महिन्यात आम्ही ओझरला दर्शनाला येणार आहोत. तेव्हा तुमच्याकडे येऊन बघू, मग ठरवू."

'बघू, मग ठरवू' हे शब्द तात्यांच्या जिवाला लागले. बघणार म्हणजे घर बघणार, आणि घर पसंत पडलं नाही तर लेक यायची नाही. लेक दोन महिने घरात राहावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं. त्यांनी गवंडी बोलावला.

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, तरी सांगताना मलाच खोटं वाटतं. तात्यांची बैठकीची खोली वीस फूट लांब. दुसरा कुणी मिरवला असता. तात्यांनी तिच्या मधोमध भिंत घातली! का, तर लेकीच्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बारा आहे.

"तात्या, आवो लोकं भिंती पाडून खोल्या वाढवत्यात!"

"ती पोरकट लोकं. पोक्त घर आटोपशीर आसतंय."

उरलेल्या अर्ध्या खोलीत कांद्याच्या गोण्या गेल्या, त्यामुळे आटोपशीर हॉलला कांद्याचा वास येऊ लागला. मग आली बाल्कनी. घर बैठं, वर पत्रा, पण बाल्कनी पाहिजे म्हणजे पाहिजे. अंगणातच तीन फूट जागा घेऊन कमरेएवढी जाळी ठोकली. आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. संध्याकाळी तात्या तिथे कपबशी घेऊन बसायचे आणि गोठ्यातली म्हैस जाळीवरून तोंड आत घालून त्यांच्या चहाकडे बघायची. दारावर रंगाऱ्याकडून 'फ्लॅट नं. १' लिहून घेतलं. मी विचारलं, "दोन नंबर कुठंय?" तर म्हणाले, "आदी एक तर पोक्त हुंदे."

गावात बोलवा उठली की तात्या दुसरं लग्न करतोय, नाहीतर या वयात एवढा नट्टापट्टा कशाला? मी धीर करून विचारलं. तात्या म्हणाले, "कराया हारकत न्हाई, पर पयली रागवंल."

ठरलेल्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या घरामागे उभा. लोडशेडिंगचा भरवसा नाही, म्हणून बारा व्होल्टची बेल आणून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली होती. गाडी आली. जावई, सुमन आणि विहीणबाई उतरल्या. बेल वाजली तसा मी मागच्या दारानं आत आलो. तात्या दाराला चिकटूनच उभे होते, तरी त्यांनी ओठांतल्या ओठांत दहा आकडे मोजले. फ्लॅटमध्ये दार लगेच उघडत नाहीत, हे त्यांनी बघून ठेवलं होतं.

विहीणबाई चष्म्यातून बघणाऱ्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी हॉल बघितला, सोफा बघितला. बाल्कनीत गेल्या तर म्हैस सामोरी आली, तीही बघितली. पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "घर छान आहे हो. अगदी आमच्यासारखंच केलंय."

तात्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, जिंकलं गड्यानं!

"पण व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "मी घर बघायला नव्हते आले. तुमच्या घरात बाईमाणूस नाही. सव्वा महिना बाळंतिणीचं कोण करणार? बाळाला न्हाऊ कोण घालणार?"

मी सुन्न झालो. भिंत सुचली, भिंग सुचलं, बेलला बॅटरीसुद्धा सुचली. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचू नये? सुमननं मान खाली घातली. मला तात्यांकडे बघवेना.

तात्यांनी टोपी काढून ठेवली, चकचकीत फरशीवर बसकण मारली, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि दोन्ही पाय लांब केले.

"सुमे, ती सोफ्यावरची उशी दे."

उशी पायांवर आडवी घेऊन ते हलक्या हातानं चोळू लागले. "आदी त्याल. मंग पालथं घ्यायचं, आसं. पाणी आपल्या मनगटावर बघायचं. डोक्यावर शेवटाला, त्ये बी कानात जाऊ द्यायचं न्हाई." जावईबापू तोंड उघडं टाकून बघत होते. माझीही तीच गत.

"आमच्या सुईण जनामावशीकडं दोन महिनं शिकलोय, विहीणबाई. आळीव, डिंकाचं लाडू, शेक-शेगडी, समदं येतंय. हिची आय गेली तवा मला येणी घालाया येत न्हवती. पोर इस्कटल्या केसांनी शाळंत जायाची आन पोरं हसायची. तवाच ठरवलं, माज्यापायी हिचं पुना काय आडायचं न्हाई."

सुमनला हुंदका फुटला. मी भिंतीकडे तोंड केलं. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू?

विहीणबाईंनी पर्स सोफ्यावर ठेवली, पदर खोचला आणि तात्यांच्या समोर फरशीवर बसल्या. "मान अशी नाही धरायची, व्याही. बाळ तीन महिने मान धरत नाही. तुमचा पंजा मोठा आहे, तो पूर्ण खाली घ्या. हां, असा." मग सुमनकडे बघून म्हणाल्या, "नववा लागला की आणून सोडते हिला. पहिले आठ दिवस मी राहीन. मी न्हाऊ घालायचं, तुम्ही बघायचं."

"व्हय," तात्या म्हणाले. उठायचं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. खांद्यावरचा टॉवेल घेऊन ते ती कोरडी उशी हळूहळू पुसत राहिले.