अप्पांची सासरवाडी

बसलिंगअप्पा शिकारीला निघतात त्या दिवशी कुठल्याच गोष्टीचं खरं नाव घेत नाहीत. डोंगर म्हणजे सासरवाडी. बॅटरी म्हणजे समई. आणि ज्याच्या मागावर जायचं ते खोकड, म्हणजे कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचं, आमच्या माळावर बिळं करून राहणारं चपळ जनावर, ते असतं ‘पावणे’. मला हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळं थंडीच्या दिवसांत एकदा अप्पा पोस्टाच्या खिडकीशी येऊन मोठ्यांदा म्हणाले, “मास्तर, आज सासरवाडीला पावणे यायलेत. तुमी पण चला,” तेव्हा मी ते जेवणाचं आमंत्रण समजलो.

मी दुपारी मुद्दाम हात आखडता घेऊन जेवलो. संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तेरला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकरवी पेढे मागवून घेतले. पायात नव्या चपला. अशा थाटात मी रात्री आठ वाजता अप्पांच्या दारात उभा राहिलो.

मी मूळचा माकणीचा. आमच्याकडं धरणाचं पाणी, ऊस आणि सपाट शिवार. बदलीनं या डोंगराकडेच्या गावात पोस्टमास्तर म्हणून आलो, त्याला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. इथं शाळेतल्यालाही मास्तर म्हणतात आणि पोस्टातल्यालाही. पहिले काही महिने बायका मला वाटेत अडवून पोरांच्या मार्कांबद्दल विचारायच्या. तेव्हा गोंधळाची मला सवय होती. पण अप्पांच्या तोडीचा गोंधळ मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

अप्पांची पिठाची गिरणी आहे. वय सत्तरीच्या आसपास. भुवया पांढऱ्या, पण त्यातलं पीठ किती आणि वय किती हे दिवाळीच्या आंघोळीशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाचं दळण झालं की चिमूटभर पीठ बोटांत चोळायचं आणि निकाल द्यायचा, ही त्यांची पद्धत. माझ्या डब्यातलं पीठ चोळून ते एकदा म्हणाले होते, “मास्तर, तुमची ज्वारी नाराज हाय.” का नाराज आहे ते विचारलं तर म्हणाले, “इषय असा हाय,” आणि पट्टा सरळ करायला आत गेले. ‘इषय असा हाय’ हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यानंतर विषय कधीच येत नाही.

शिवाय माणूस लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. असा माणूस शिकारीला जातो हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तर मी दारात उभा. अप्पांनी माझा शर्ट पाहिला, पेढ्यांचा पुडा पाहिला आणि मान हलवली. त्यांच्या स्वतःच्या अंगावर जुना स्वेटर, डोक्याला मफलर, हातात काठी आणि खांद्याला पिशवी. आतून काकू आल्या आणि त्यांनी माझ्या अंगावर एक घोंगडी टाकली. जेवण कुठं आहे हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण अप्पा तोवर रस्त्याला लागले होते.

गाव संपलं. शेवटचा दिवा मागं पडला. आम्ही पायवाटेनं चढाला लागलो तेव्हा मी विचारलं, की सासरवाडी नेमकी कुठं? अप्पांनी काठीनं समोरचा काळा डोंगर दाखवला. मग ते थांबले आणि कानात सांगावं तसं तोंड जवळ आणून, पण गिरणीत बोलतात तेवढ्याच आवाजात, त्यांनी मला सगळे शब्द उलगडून सांगितले. खोकडाच्या शिकारीला चाललोय. वर त्याचं नाव काढायचं नाही. नाव घेतलं की त्याला कळतं, असा उस्तादांचा नियम आहे.

माझे पाय जागीच थांबले. मी सरकारी नोकर. खोकड मारणं हा गुन्हा आहे एवढं मला माहीत होतं. डोळ्यांसमोर पहिल्यांदा पोलीस आले, मग वनखात्याची जीप आणि सगळ्यात शेवटी आमच्या हिचा चेहरा आला, तो जास्त भीतिदायक होता. मी अप्पांना म्हणालो, मला हे जमायचं नाही, मी परत जातो. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, लोकं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि पुढं चालू लागले. मागं वळून पाहिलं तर वाट दिसत नव्हती. बॅटरी अप्पांकडं होती. मी त्यांच्या मागं निघालो.

चढताना मी हिशेब मांडत होतो. बंदूक दिसत नाही. पिशवी हलकी आहे. म्हणजे बंदूक उस्तादांकडं असणार. हे उस्ताद कोण, ते कळत नव्हतं, पण अप्पा दर थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ बघून ‘उस्ताद वाट बघत असतील’ असं म्हणत होते. तेव्हा माणूस वर कुठंतरी दबा धरून बसलेला आहे, हे मी नक्की केलं. प्रत्येक झुडपाजवळ मला उस्ताद दिसायला लागले. एका निवडुंगाला तर मी नमस्कारही केला.

अर्ध्या वाटेवर कुत्री अंगावर आली. मेंढरांचा वाडा बसला होता. पलीकडून एका धनगरानं बॅटरी मारली आणि कोण आहे म्हणून दरडावून विचारलं. आता आपण पकडले गेलो, असं वाटून मी पेढ्यांचा पुडा घोंगडीत लपवला. का लपवला ते मला अजून सांगता येत नाही. अप्पांनी शांतपणे ओरडून सांगितलं, की सासरवाडीला निघालोय. धनगर हसला, कुत्र्यांना त्यानं आवरलं आणि म्हणाला, “अप्पा, पावणे आज नाल्याच्या पल्याड हायेत. मघाशी बोलायलते.”

म्हणजे यालाही ती भाषा येत होती. अख्ख्या डोंगराला ठाऊक असलेली गोष्ट एकट्या पोस्टमास्तरला ठाऊक नव्हती.

माथ्यावर एक मोठा सपाट खडक आहे. तिथं पोचल्यावर अप्पांनी काठी खाली ठेवली, पिशवीतून मोबाइल काढला आणि तो डोक्यावर धरून खडकावर हळूहळू गोल फिरू लागले. दोन पावलं पुढं, एक मागं, मग तिरकं. मला वाटलं हा जनावराला भुलवायचा काही प्रकार असावा. मी श्वास रोखून उभा राहिलो. शेवटी खडकाच्या अगदी टोकाला ते थांबले आणि मला जवळ बोलावून विचारलं, किती दांड्या दिसतायत? मोबाइलच्या पडद्यावर रेंजच्या तीन दांड्या होत्या. तसं सांगितल्यावर ते खाली बसले आणि समाधानानं म्हणाले, “आता शिकार होती.”

मग मला काम सांगितलं. गप्प बसायचं. कान उघडे ठेवायचे. पावण्यांचा आवाज आला की बोलायचं नाही, फक्त त्यांची बाही ओढायची. मी विचारलं, उस्ताद कुठं आहेत? अप्पांनी मोबाइलवर बोट ठेवलं.

एवढं झाल्यावर, त्या रात्री पहिल्यांदाच, ‘इषय असा हाय’ म्हटल्यावर विषय आला.

उस्ताद म्हणजे खाजाभाई. गावात त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं हे दोघं थंडीच्या दिवसांत या डोंगरावर येत. खाजाभाई तोंडानं असा आवाज काढायचे की खोकड बिळातून बाहेर येऊन बघायचं. अप्पा बॅटरी धरायचे. उजेडात त्याचे डोळे चमकले की शिकार झाली. मग बॅटरी विझवायची, त्याला जाऊ द्यायचं आणि चहा प्यायचा. मी विचारलं, मग मारायचं कधी? अप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की माझी ज्वारी का नाराज आहे ते त्यांना आत्ता समजलं असावं.

दोन वर्षांपूर्वी खाजाभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलगा त्यांना सोलापूरला घेऊन गेला. चौथ्या मजल्यावर घर आहे. अप्पा एकदा जाऊन आले. म्हणाले, समोर बसलो, पण बोलायचं काय? त्याला बोलता येईना. आणि मला, असं म्हणून ते थांबले आणि मफलर नीट करू लागले.

मला तेव्हा कुठं उलगडलं. गिरणीतला तो आवाज, बोललेलं न ऐकू येणं, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात हे गाऱ्हाणं. जन्मभर पट्ट्याच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचे कान गेले होते. आणि बारीक आवाज तर आधी जातात. अप्पांना खोकड ऐकू येत नव्हतं. मला त्यांनी बरोबर आणलं होतं ते माझ्या कानांसाठी.

साडेदहाला त्यांनी स्पीकर चालू करून फोन लावला. खाजाभाईंच्या सुनेनं उचलला. तिला सगळं माहीत होतं. “अब्बा जागेच हैं, चाचा,” ती म्हणाली आणि तिनं फोन त्यांच्या उशीशी ठेवला. अप्पांनी आपला फोन समोर धरला आणि आम्ही बसलो.

वारा होता. खाली कुठंतरी कुत्रं भुंकलं. मी घाईनं बाही ओढली, अप्पांनी दोन्ही हात उंच केले, मग मी खजील होऊन, तोंड त्यांच्या कानाला लावून, कुत्रं होतं म्हणून सांगितलं. त्यांनी हात खाली घेतले. पुन्हा एकदा मेंढरू ओरडलं, तेव्हाही मी बाही ओढली. भूक लागली होती म्हणून मी पेढ्यांचा पुडा सोडला. दोघांनी एकेक खाल्ला. अर्धा तास गेला असेल. फोनमधून मधूनच रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर येत होती, बाकी काही नाही.

आणि मग नाल्याच्या पल्याडून तो आवाज आला. भुंकणं म्हणावं तर फार बारीक. खॅक्, खॅक्, खॅक्, मग एक लांब चिरका सूर. मी बाही ओढली.

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी अंधारात पुढं धरला. देवापुढं ताट धरतात तसा. पण ते नाल्याकडं बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. आवाज चालू आहे का थांबला, ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून वाचायचं होतं. मला मान वळवायची हिंमत झाली नाही. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं देव जाणे, पण अप्पांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

आवाज थांबला. फोनमध्ये सूनबाईंची गडबड ऐकू आली. अप्पांनी फोन कानाला लावला, त्यांना नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तो मला दिला. ती सांगत होती, “अब्बा डावा हात उपर किये. दो उंगलियां दिखारे, चाचा. दो बोलरे.”

मला अर्थ लागेना. मी तर एकच ऐकलं होतं. पण तेवढ्यात पुन्हा आवाज झाला, आणि या वेळी लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कळलं. एक नाल्यापलीकडून बोलत होतं आणि दुसरं, अगदी क्षीण, आमच्या डावीकडच्या कड्यावरून त्याला उत्तर देत होतं. मी डोंगरावर बसून जे चुकवलं, ते सोलापुरात चौथ्या मजल्यावर पडलेल्या माणसानं पकडलं होतं.

मी अप्पांच्या कानात सांगितलं, “खाजाभाई म्हणतायत, दोन आहेत. जोडी आहे.”

अप्पांनी माझ्याकडून फोन घेतला, बंद करून पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मी निघायच्या तयारीनं उठलो तर ते बसूनच राहिले. मग त्यांनी मफलर सोडून एक कान मोकळा केला आणि माझ्याकडं झुकवला.

“कसं वरडलं, तेवढं करून दावा की मास्तर.”

मी पोस्टमास्तर आहे. टपाल, मनीऑर्डर आणि बचत खाती एवढंच मला येतं. तरी मी खाली बसलो, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि जमेल तसं ओरडलो. खॅक्, खॅक्. पहिल्यांदा खोकल्यासारखं झालं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, बारीक काढा. मी बारीक काढलं. म्हणाले, शेवटी लांब सोडा. मी लांब सोडलं. खाली वाड्यावरची कुत्री पेटून उठली.

अप्पांनी डोळे मिटले होते. मी आणखी दोनदा ओरडलो. बरोबर जमत होतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

“व्हय,” ते म्हणाले. “तेच हाय. अजून एकदा.”