टबमधली मुलाखत

"त्यात तयारी कसली करायची? एक फोन तर घ्यायचाय!" दत्तप्रसाद केळुसकरांनी छातीठोकपणे जाहीर केलं.

त्यांच्या बायकोला, अनुराधाबाईंना, धास्ती होती ती या छातीठोकपणाचीच.

केळुसकर शारजातल्या एका काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये होते. चार महिन्यांपूर्वी साइटवरच्या जिन्यावरून घसरले आणि उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण गुडघा रुसलेल्या जावयासारखा ताठच राहिला. "हा आता इतकाच वाकणार," डॉक्टरांनी सांगून टाकलं. आता इन्शुरन्सवाले फोनवर विचारणार होते, तुम्हाला काय जमतं आणि काय जमत नाही. त्यांच्या रिपोर्टवर भरपाई तर होतीच, पण कंपनी बसून करायचं काम देणार की मुंबईचं तिकीट, तेही त्यावरच होतं!

आणि केळुसकरांना कुणी 'कसे आहात' विचारलं की उत्तर ठरलेलं: "एकदम ठणठणीत!" ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येतानाही त्यांनी मॅनेजरला स्ट्रेचरवरून हेच सांगितलं होतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम झाली. इन्शुरन्सचा साहेब झाली लेक मुग्धा. वय वर्षं चौदा. घरात मराठीत बोललं तरी उत्तर इंग्रजीत देणारी.

"कॅन यू वॉक टू द लगून, पप्पा?"

"त्या खाडीकाठी कुठल्या रस्त्याने? ऊन आहे की नाही? प्रश्नच अर्धवट आहे!"

"जस्ट आन्सर, पप्पा!"

"बरं, जमतं. पुढे?"

"कॅन यू पुट ऑन युवर सॉक्स?"

"अर्थात! रोज घालतो."

"अहो," अनुराधाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुम्ही पाय पुढे करता. मोजे मी घालते."

केळुसकर थबकले. खरंच की! चार महिने हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? मग त्यांचं कुतूहल जे चाळवलं ते चाळवलंच. गाडीत बसताना उजवा पाय आत कोण ठेवतं? अनुराधा. खाली पडलेलं पेन कोण उचलतं? अनुराधा. माणसाला स्वतःच्या शरीराची इतकी कमी माहिती असावी? आणि ते स्वतः लॅबवाले! काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडल्याशिवाय ज्यांनी कधी आकडा लिहिला नाही, ते ऐकीव उत्तरं देणार होय?

"टबमध्ये उतरता येतं का, हा प्रश्न राहिलाय," सकाळी चहा घेताना ते म्हणाले.

"तुम्ही स्टुलावर बसून अंघोळ करता. नाही येत म्हणून सांगा, खलास!"

"करून न बघता?"

अनुराधाबाई शेजारच्या लतिकाकडे इडलीचं भांडं परत द्यायला गेल्या. फोनला अजून अवकाश होता. केळुसकरांनी लांब वायरचा फोन बाथरूमपर्यंत ओढून आणला, टबच्या काठावर ठेवला, आणि इस्त्रीच्या शर्टपँटसकट टबमध्ये उतरले. काठावर टेकले, ताठ पाय हाताने उचलून आत घेतला, हळूच खाली घसरले. जमलं की! वा!

मग ते उठायला गेले.

उजवा पाय ओंडक्यासारखा पडून राहिला, डावा गुळगुळीत टबमध्ये घसरायला लागला. वर पकडायला काही नाही. चालत्या बसमध्ये पाठीवर पडलेल्या झुरळासारखी त्यांची गत झाली! एवढ्यात फोन वाजला. साहेब वेळेआधीच!

"केळुसकरसाहब? मैं इन्शुरन्स से खैरुद्दीन. कैसे हैं आप?"

"एकदम ठणठणीत!" शब्द बाहेर पडले आणि केळुसकरांनी जीभ चावली.

"जी? आवाज गूँज रही है. आप कहाँ से बोल रहे हैं?"

"टब से."

"नहा रहे हैं? मैं बाद में करूँ?"

"नहीं, नहीं. कपडे पहन के बैठा हूँ."

"क्यूँ?"

"देखने के लिए, कि निकल सकता हूँ या नहीं."

"तो... निकल सकते हैं?"

"वही तो मालूम करना है!"

आता खैरुद्दीनसाहेबांनाही राहवेना. "तो कोशिश कीजिए ना. मैं होल्ड करता हूँ."

केळुसकरांनी हात वर केला आणि मिळेल ते धरून जोर लावला. मिळाला तो नळ! वरून शॉवर धो धो सुटला. केळुसकर किंचाळले, कोपर फोनला लागलं आणि फोन डुबकन पाण्यात गेला. खलास!

किंकाळी ऐकून धावत आलेल्या अनुराधाबाईंनी आधी नळ बंद केला. मग नवऱ्याकडे बघितलं, मग बुडालेल्या फोनकडे. त्यांना एकटीने उठवणं शक्यच नव्हतं. त्या उलट्या पावली लतिकाकडे गेल्या आणि तिच्या फोनवरून खैरुद्दीनसाहेबांना गाठलं.

"सवाल मुझे पूछो. उनको कुछ मालूम नहीं."

दोन्ही घरांच्या बाथरूमना हवेसाठी एकच झरोका होता आणि लतिकाचा फोन बाथरूमच्या दाराशी. केळुसकरांनी टबमध्ये ओलाचिंब कान वर केला. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

जिना? एक एक पायरी, बाजूने धरून. जमिनीवर बसणं? नाही, सत्यनारायणालाही खुर्चीवर. झोप? कूस बदलताना जागे होतात, पण मला उठवत नाहीत. मी जागीच असते, ते त्यांना ठाऊक नाही.

हे मात्र केळुसकरांना खरंच ठाऊक नव्हतं. आणखी काय काय ठाऊक नसेल? ते कान देऊन ऐकत राहिले.

"मोजे पहन सकते हैं?"

"नहीं. मोजे मैं पहनाती हूँ."

"परवा मी स्वतः घातले होते!" झरोक्यातून केळुसकर गरजले.

"किती?" अनुराधाबाईंनी तिकडून विचारलं.

झरोक्यातून उत्तर आलं, "एक. डावा."

"ये कौन चिल्लाया?"

"मेरे हजबंड."

"अल्ला! वो अभी तक टब में हैं?"

"हाँ. उठानेवाला वॉचमन चाय पीने गया है."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "भाभीजी, मुझे और कुछ पूछना नहीं है. मैं साफ लिख रहा हूँ, इनको बैठने का ही काम दिया जाए. रिपोर्ट इन्शाल्ला दो हफ्ते में."

अनुराधाबाईंचा जीव भांड्यात पडला. झरोक्याकडे तोंड करून त्या आनंदाने ओरडल्या, "अहो, झालं! बसून करायचं काम मिळणार!"

"ते चालूच आहे!" आतून आवाज आला. "आधी उठवायला कुणीतरी या!"