बाविसाव्या मजल्यावरचा बोंबील

तात्यांना बोंबील हवा होता. ओला नव्हे, सुका. तळलेला नव्हे, थेट गॅसच्या आचेवर भाजलेला. वर कच्च्या तेलाचे दोन थेंब आणि बाजूला गरम पेज. मागणी एवढीच होती, पण लालबागच्या दाजीबा हाइट्समध्ये ती पुरी करणं म्हणजे देवळात बसून कोंबडी सोलण्यासारखं होतं.

"हेमू, माका काय सोन्याची वाटी नको," तात्या सोफ्यावर बसून म्हणाले. "एक बोंबील. अर्धो तुका."

"तात्या, सोसायटीचा ठराव आहे. सुकी मासळी बंद."

"आणि त्या ठरावार सही कोणी केली?"

हेमचंद्र परब उगाच खिडकीची काच पुसू लागला. सही त्यानंही केली होती. दाजीबा चाळ पाडून तिच्या जागी हा टॉवर उभा राहिला, तेव्हा चाळकऱ्यांच्या अंगात अचानक सभ्यपणा संचारला. वरच्या मजल्यांवर बाहेरचे लोक फ्लॅट घेणार, त्यांच्या नाकाला त्रास नको, असा विचार करून जन्मभर सुकट-बोंबलावर वाढलेल्या लोकांनी सुकी मासळी एकमताने बंद केली. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना हे पटलेलं दिसतंय, आपणच कशाला मागासलेले दिसा! सर्वांत जोरात हात वर केला होता विठोबा राण्यांनी. चाळीत ते 'विठू' होते आणि चड्डीवर नळाला भांडत. टॉवरमध्ये ते 'चेअरमनसाहेब' झाले आणि कॉलरचा टी-शर्ट घालून लिफ्टमध्ये भेटलेल्याला 'गुड मॉर्निंग' म्हणू लागले.

तात्यांना त्या घरात काही कमी नव्हतं. हवेशीर खोली होती, कमोड होता, खिडकीतून लांबवर समुद्रही दिसायचा. पण खिडकीची काच बंद असे आणि समुद्राचा वास येत नसे. दार लावलं की बाहेरचं जग संपलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे तात्यांना वर्ष होत आलं तरी ठाऊक नव्हतं. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात जन्म घालवलेला हा माणूस शांततेने वाळत चालला होता. जेवण निम्म्यावर आलं होतं. सून श्रेया रोज नवं काहीतरी करून वाढायची. तात्या "छान झालाय गो" म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

हेमचंद्रला हे दिसत होतं आणि आतून पोखरत होतं. पण त्याचं दुखणं दुहेरी होतं, कारण वास पकडणं हाच त्याचा धंदा होता.

त्याच्या कंपनीकडे स्मार्ट शहरासाठी सेन्सरचं बिनतारी जाळं आखायचं काम येऊ घातलं होतं. खांबाखांबांवर, इमारतींवर छोटे डबे बसवायचे. त्यांनी हवेतला वायू, धूर, गोंगाट, तुंबलेलं पाणी हेरायचं आणि एका डब्याने दुसऱ्याला सांगत सांगत ती बातमी कंट्रोल रूमपर्यंत पोचवायची. यातली खरी मेख सुरक्षेची होती. उद्या कुणी खोटा डबा घुसवला, किंवा खऱ्या डब्याचं तोंड दाबलं, तर? हेमचंद्रने उपाय काढला तो थेट चाळीतून. चाळीत एकटाच कुणी "आग, आग" ओरडला तर लोक कूस बदलून झोपत. तिघे ओरडले की बादल्या घेऊन पळत. तसंच इथे. एका डब्याचं कुणी ऐकायचं नाही, पण शेजारच्या डब्यांनी दुजोरा दिला की बातमी पक्की. आणि एकदा पक्की झालेली बातमी कुणालाही दाबता येणार नाही.

"कुणालाही म्हणजे?" त्याच्या बॉस किर्ती मॅडमनी विचारलं होतं.

"मला सुद्धा नाही, मॅडम," हेमचंद्र छाती फुगवून म्हणाला होता.

चाचणीसाठी इमारत हवी होती. हेमचंद्रने स्वतःचीच सुचवली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण त्या वेळी मॅडमनी पाठ थोपटली होती. मजल्यामजल्यावर, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये पांढरे डबे लागले.

त्याच दिवसांत खांबांच्या जागा बघायला तो कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेला. होड्या ओढून ठेवलेल्या होत्या, बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील जोडीजोडीने वाळत होते आणि वारा त्यांच्यातून गाळून येत होता. हेमचंद्र हातात नकाशा घेऊन उभाच राहिला. त्याला एकदम चाळीची गॅलरी आठवली, आई आठवली, स्टोव्हवरचा तवा आठवला. बोंबील भाजला की दारात हातात वाटी घेऊन उभे राहणारे निम्म्या मजल्यावरचे लोक आठवले. डोळ्यांत पाणी आलं ते वासाने नव्हे.

"काय रे पोरा, खांब हरवला काय तुझा?" मासळी उलटीपालटी करणाऱ्या जाईबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. बोंबील कसे दिले?"

घेतले खरे, पण न्यायचे कुठे? हेमचंद्रने ते पिशवीत घातले, पिशवी डब्यात, डबा आणखी एका पिशवीत आणि ती चाकांच्या बॅगेत. बॅग माळ्यावर गेली. टाकून द्यायला हात धजेना, खायला छाती होईना. श्रेयाने एकदा वर बघितलं आणि नाक उडवलं.

"त्या बॅगेत काय आहे ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "फक्त माझ्या आईकडे जाताना ती बॅग नको."

चाचणीचा दिवस उजाडला तो नेमका बुधवार. श्रेया ऑफिसला गेली. हेमचंद्र इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

"तात्या, आज फक्त टीव्ही बघा. एवढं काम मिळू दे, मग तुम्हाला मामाकडे दादरला नेतो. पोटभर बोंबील खा."

"माका मामाकडे नको रे," तात्या म्हणाले. "हयसर होयो. माझ्या घरात."

हेमचंद्रने घड्याळाकडे बघितलं आणि तो लिफ्टकडे पळाला. माळ्याखाली स्टूल ठेवलेलं आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

खाली लॉबीत मोठा पडदा लावला होता. त्यावर दाजीबा हाइट्सचं चित्र आणि मजल्यामजल्यावर हिरवे ठिपके. किर्ती मॅडम होत्या, शहराच्या योजनेवरचे एक मोठे साहेब होते आणि यजमान म्हणून चेअरमन विठोबा राणे अत्तर लावून हजर होते. हेमचंद्रने तळमजल्याच्या डब्यासमोर फरशी पुसायचं औषध फवारलं. ठिपका पिवळा झाला, थोडा वेळ लुकलुकला आणि परत हिरवा.

"बघा साहेब. हा एकटाच बोंबलतोय, शेजारी दुजोरा देत नाहीत. सिस्टीमने बातमी फेटाळली."

"व्वा," साहेब म्हणाले. मॅडमनी हेमचंद्रकडे अभिमानाने पाहिलं.

तेवढ्यात बाविसाव्या मजल्याचा ठिपका पिवळा झाला.

"हाही डेमोचा भाग का?" साहेबांनी विचारलं.

"नाही... म्हणजे... एकटाच आहे. आता फेटाळेल बघा."

आणि फेटाळलाही असता. पण तात्या सुनेची शिकवण मानणारे गृहस्थ. गॅस पेटवला की स्वयंपाकघरातला पंखा लावायचा, हे श्रेयाने त्यांना नीट शिकवलं होतं. त्यांनी तो लावला. पंख्याने धूर आणि वास इमानेइतबारे डक्टमध्ये ढकलला आणि तो डक्ट तर तळमजल्यापर्यंत सगळ्यांच्या स्वयंपाकघरांतून जात होता. तिथून वास दारांच्या फटींतून पॅसेजमध्ये शिरला. एकविसावा मजला पिवळा झाला. विसाव्यानेही दुजोरा दिला आणि तिन्ही ठिपके लालभडक झाले. मग लाल रंग जिना उतरावा तसा खाली येऊ लागला. भोंगा वाजला, लिफ्टा जागच्या जागी थांबल्या आणि प्रत्येकाच्या फोनवर एकच निरोप आला: हवेत अनोळखी वायू, जिन्याने खाली या.

"परब, बंद करा ते!" किर्ती मॅडम ओरडल्या.

"बंद होत नाही, मॅडम."

"म्हणजे काय?"

"तेच तर फीचर आहे, मॅडम."

लोक धावत जिन्याने उतरू लागले. पण गंमत अशी की घाबरून पळायच्या ऐवजी एकेका वळणावर त्यांचे पाय मंदावत होते. मान वर जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. आवारात पोचेपर्यंत कुणाच्याही चेहऱ्यावर भीती उरली नव्हती. चाळ सुटल्यापासून सगळे पहिल्यांदाच एका जागी उभे होते आणि कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

तोंड उघडलं ते नवव्या मजल्यावरच्या राधाबाईंनी. चाळीत त्या परबांच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या.

"कसला वायू नि कसलं काय!" त्या म्हणाल्या. "बोंबील आहे तो. सुका. आणि एका बाजूने करपलाय."

"करपलेलाच चांगला लागतो," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"कोणाच्या घरचा?" विठोबा राणे गरजले. "ठराव आहे आपला! मी आत्ता वर जाऊन बघतो!"

हेमचंद्रने गर्दीवरून नजर फिरवली. सगळी चाळ खाली होती. तात्या नव्हते.

तो जिन्याकडे धावला. लिफ्टा त्याच्याच सिस्टीमने बंद केल्या होत्या, तेव्हा शिव्या तरी कुणाला द्यायच्या? धापा टाकत, कठडा धरत तो चढत राहिला. धूर, गॅस, ऐंशीला टेकलेला म्हातारा, नाही नाही ते मनात येत होतं. एक बोंबील मागितला होता बापाने, आणि आपण ठराव दाखवला. मागून विठोबांच्या चपला वाजत होत्या, त्यांच्यामागे राधाबाई आणि त्यांच्यामागे बरीच चाळ.

बाविसाव्या मजल्यावर परबांचं दार सताड उघडं होतं. हॉलमध्ये जमिनीवर पाच-सहा ताटल्या मांडलेल्या होत्या. मधोमध भाजलेले बोंबील, चिरलेला कांदा, पेजेचं पातेलं. तात्या भिंतीला टेकून, दाराकडे डोळे लावून बसले होते.

"तात्या! बरे आहात ना? हे काय केलंत?"

"दार उघडा ठेवलंय," तात्या म्हणाले. "म्हटलं, वास गेलो की कोण तरी येतला. चाळीत येयत. हय कोण येवकच नाय रे, हेमू. कोणाचीच आठवण सुटना नाय."

हेमचंद्र बापाच्या शेजारी मटकन बसला.

विठोबा राणे दारात पोचले. घामाने अत्तर धुऊन निघालं होतं. त्यांनी ठराव म्हणायला तोंड उघडलं, ताटल्यांकडे पाहिलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"ये रे विठू," तात्या म्हणाले. "उभो काय? बस."

विठू बसला. मांडी घालताना टी-शर्ट वर सरकला, तो त्याने खाली ओढला नाही. राधाबाईंनी न विचारता स्वयंपाकघरात जाऊन तेलाची बाटली आणली. बाकीचे पॅसेजमध्येच बसले. सर्वांत शेवटी पोचलेल्या साहेबांनी हा प्रकार दारातून पाहिला.

"परब, जाळं पक्कं आहे," ते रुमालाने मान पुसत म्हणाले. "पण लालबागमध्ये हे लावलं तर शहर रोज रिकामं करावं लागेल. हा वास धोक्याचा नाही, हे डब्याला शिकवता येईल का?"

"येईल, साहेब. पण त्याला नमुने लागतील. पुन्हा पुन्हा."

"नमुने?" विठोबांनी तोंडातला घास गिळला. "सायन्सच्या कामासाठी सोसायटी सहकार्य करेल. ठरावाला तात्पुरती स्थगिती!"

मग काय विचारता! बुधवार, शुक्रवार, रविवार नमुन्यांचे ठरले. कधी बोंबील, कधी सुकट, कधी बांगडा. परबांचा हॉल भरून जायचा आणि पांढरा डबा पॅसेजमध्ये बिचारा शिकत राहायचा. तात्या दोन वाट्या पेज प्यायचे आणि गिरणीच्या गोष्टी सांगायचे. पाचव्या मजल्यावरच्या लोकांना चौदाव्या मजल्यावरच्यांची नावं पुन्हा कळली.

डबा हुशार निघाला. सगळे वास त्याला पाठ झाले, चाचणी पुरी झाली, काम हेमचंद्रच्या कंपनीला मिळालं. स्थगित ठराव पुन्हा वर काढण्याचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी तात्यांनी बोंबील भाजला. डबा गप्प राहिला, ठिपका हिरवाच. भोंगा वाजला नाही, निरोप गेला नाही, लिफ्ट थांबली नाही. आता ज्याला बोंबील खायचा तो आपापल्या घरात दार लावून खात होता. तात्यांनी ताटल्या मांडल्या होत्या. ते दाराकडे बघत राहिले. पेजेवर साय धरली.

"हेमू, तुझो डबो आज बोलना नाय मा?"

"नाही तात्या. त्याला आता कळतं."

"मग तो बिघाडलो," तात्या म्हणाले आणि त्यांनी एक ताटली उचलून दुसरीवर ठेवली.

हेमचंद्रला ते बघवेना. खोटी बातमी तर पाठवता येत नव्हती, तशी सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. तो उठला. दार सताड उघडून त्याखाली चपलेची पाचर मारली. स्वयंपाकघरात जाऊन पंखा लावला, एक मोठा बोंबील चिमट्यात धरला आणि आचेवर ठेवला. तो भाजला. मग करपला. हेमचंद्रने तो तसाच धरून ठेवला. डोळे चुरचुरायला लागले, आणि या वेळी त्याने धुराला दोष दिला.

बऱ्याच वेळाने लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. पॅसेजमधला डबा हिरवाच होता. त्याच्यासमोरून राधाबाई आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. हातात रिकामी वाटी होती.

"करपवलास ना, मेल्या?" त्या म्हणाल्या. "सरक तिकडे."

तात्यांनी वरची ताटली उचलून पुन्हा खाली मांडली.