मुठीचं माप

चहात घालायच्या आधी साखर तोलून बघणारी बाई अख्ख्या भांडुपात एकच आहे, आणि ती आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहते. कोणाकडेही गेल्या की वत्सलामावशी पर्समधून तळहाताएवढा वजनकाटा काढतात. यजमानीण "अंदाजाने घालते हो," म्हणाली की संपलंच.

"अंदाज म्हणजे काय गो? तो काट्यार चढता?"

मावशींनी परिसरातल्या आठ बायकांना मसाल्याच्या धंद्याला लावलंय. 'घरबसल्या उद्योग' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "बसान कोण करता? माझे पाय बघ सुजलेले!" असं त्यांनी एका पाहुण्या नगरसेवकाला भर कार्यक्रमात सुनावलं होतं. पायही दाखवले होते.

या आठांत माझी बायको मीनाक्षी. मुलुंडच्या एका दुकानदाराने तिचा मालवणी मसाला ठेवला आणि पहिला माल हातोहात खपला. दुसरा मात्र इतका जहाल निघाला की गिऱ्हाइकं पाकिटं परत घेऊन आली. "आणखी एकदाच बघतो," दुकानदार म्हणाला.

मावशी काटा घेऊन वर आल्या. मीनाक्षी सगळं मुठीनेच मोजायची. मीनाक्षीला डोळे मिटायला लावून दहा वेळा धन्यांची मूठ भरायला लावली. दहाही वजनं जवळपास सारखी. मिरचीचंही तेच. मावशी विचारात पडल्या.

"दुसरो माल केलंस त्या दिवशी झालेला काय?"

मीनाक्षीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्या सकाळी मी फक्त एवढंच विचारलं होतं, की तुझा हा छंद अजून किती दिवस चालणार?

"आता तां आठव आणि मूठ भर," मावशी म्हणाल्या. मिरची जवळजवळ दीडपट भरली!

"राग येवंदे, पण मिरची तेवढीच घालूची," मावशींनी निकाल दिला. मग माझ्याकडे वळून, "आणि तू रे, छंद म्हणशीत तर तुकाच तोलतलंय."

त्या दिवसापासून आमच्याकडे मुठीऐवजी ग्रॅम आले. तिसरा माल दुकानदाराने नुसता घेतला नाही, दर महिन्याला मागितला. पहिलं पाकीट द्यायला आम्ही दोघं मावशींकडे गेलो.

मावशींनी लगेच वही काढली. प्रत्येक बाईचं एक पान, वर तिचं नाव, खाली तिच्या मुठीचं वजन. मी चाळत चाळत पहिल्या पानावर आलो. 'लक्ष्मी' एवढंच लिहिलेलं. खाली कोरं.

"आई माझी," मावशी म्हणाल्या. "गिरणीतल्या पंधरा माणसांका रोज जेवण घाली. आणि लोक म्हणायचे, ही काय, घराकच असता. मसालो कसो केलंस विचारला तर हसायची. मूठभर गो, म्हणायची. ती गेली आणि मसालो पण गेलो. कोणी तिची मूठ तोललीच नाय."

मला त्या वहीकडे बघवेना.

मीनाक्षी उठली. स्वयंपाकघरातून धन्यांचा डबा आणला आणि मावशींसमोर उघडला. "तुमचा हात आईसारखा आहे असं तुम्हीच सांगता ना? मग भरा मूठ."

मावशींनी मूठ भरली, सावकाश काट्यावर सोडली. नेहमी आकड्यावर वाकणाऱ्या त्या बाईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तूच वाच गो," त्या म्हणाल्या. "माका दिसत नाय."