फॉरेनचा आयसी

खरखर होती फक्त बटणाला. आवाज कमी-जास्त करायचं बटण फिरवलं की आत बसून कुणी भाजलेले पापड मोडतंय असं वाटायचं. बाकी रेडिओ ठणठणीत होता. कल्लप्पांनी, म्हणजे भीमाशंकरच्या सासऱ्यांनी, तो मैंदर्गीहून एसटीनं मांडीवर घेऊन सोलापूरला आणला आणि जावयाच्या हवाली केला.

"येवढी खरखर काडा, जावईबापू," ते म्हणाले. "रविवारी येतो. रेडिओ चांगला बोलला, तर मधल्या मारुतीजवळच्या गाळ्याची किल्ली तुमची."

त्या गाळ्यात कल्लप्पांची ज्वारीची पोती असायची. आता तो रिकामा होता, आणि भीमाशंकरचा जीव गेले सहा महिने त्या कुलपात अडकला होता. सूतगिरणीच्या ऑफिसात कारकुनी करून तो कंटाळला होता. पोस्टानं रेडिओचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट काचेत लावलं होतं, आणि (हे हेमावतीला ठाऊक नव्हतं असं त्याला वाटत होतं) 'भीमाशंकर रेडिओ सर्व्हिस' असा बोर्ड रंगवून पलंगाखाली ठेवलासुद्धा होता.

बटणात दोन थेंब स्पिरिट सोडलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण शुक्रवारी संध्याकाळी रेडिओ उघडल्यावर भीमाशंकरला वाटलं, उघडलाच आहे तर आतून सगळाच साफ करून टाकू. रेडिओ चालूच ठेवून (असं करू नये, हे कोर्सच्या पहिल्याच धड्यात होतं) त्यानं स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळलं आणि आत घातला. चट् असा आवाज आला. बोटभर धूर निघाला. बातम्या सांगणारा माणूस वाक्याच्या मध्येच गप्प झाला, तो झालाच.

रेडिओचा आवाज मोठा करणारा आयसी, झुरळाएवढा, काळा, बारा पायांचा ठोकळा, मधोमध फुटला होता.

"काय झालं हो?" स्वयंपाकघरातून हेमावतीनं विचारलं.

"काही नाही. साफ होतोय."

"साफ होताना धूर येतो व्हय?"

त्यानं सायकल काढली.

जोतीरामच्या दुकानात रेडिओचं सगळं सुटं सामान मिळायचं. त्यानं फुटक्या आयसीवरचा नंबर भिंगातून वाचला आणि डब्यातून एक नवा काढला.

"हा घ्या. बंगलोरचा."

"फॉरेनचा नाही? सासऱ्यांचा रेडिओ आहे. नक्कल कशी घालू?"

"सायेब, नक्कल येगळी आन् फसवणूक येगळी," जोतीराम शांतपणे म्हणाला. "ह्येचं काम तेच, पाय तेवढेच. पर बनवणाऱ्यानं वर सोताचं नाव घातलंय. दुसऱ्याचं नाव लावून हिंडत न्हाई हा. पावती देतो. न्हाई बोलला तर परत आणा."

पण सासऱ्यांच्या रेडिओत देशी माल घालायचा, आणि तो पुढं लोकांना कळायचा, हे भीमाशंकरच्या होणाऱ्या दुकानाला शोभणारं नव्हतं. तो तसाच बाहेर पडला. सिनेमा थिएटरच्या कोपऱ्यावर गॉगल घातलेला एक गृहस्थ पिशवीतून घड्याळं, पेनं, लायटर विकत होता. त्याच्याकडं आयसी होता. एक नव्हे, दोन होते. वर सोनेरी अक्षरात बरोबर तोच नंबर आणि खाली 'मेड इन इटली'.

"पावती?" भीमाशंकरनं आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"बोटीवरचा माल साहेब, त्याला कसली पावती? तोंडच्या शब्दावर विश्वास टाकतो माणूस!"

हे भीमाशंकरला इतकं पटलं की त्यानं दोन्ही घेतले.

शनिवारी ऑफिसातून आल्यावर त्यानं ते हेमावतीला दाखवले. तिनं ते उलटेपालटे करून बघितले. "आणि हा न्हाई चालला, तर कुणाला विचारायचं?" तिनं विचारलं. जोतीरामचा बंगलोरचा माल आपण कसा नाकारला ते सांगून त्यानं फॉरेनच्या मालाबद्दल पाच मिनिटं भाषण दिलं. भाषण संपल्यावर ती पदर खोचून 'भाजी आणते' म्हणून बाहेर गेली आणि भाजी न घेता परत आली. भीमाशंकरचं तिकडं लक्ष नव्हतं.

रविवारी सकाळी सातला त्यानं आयसी बसवला. बारा पायांना कथलाचे बारा डाग दिले. कुलदेवाचं नाव घेऊन बटण दाबलं. रेडिओ बोलला नाही. आयसी मात्र तापायला लागला. भीमाशंकरनं बोट लावलं आणि ते तोंडात घातलं. सासऱ्यांच्या अकराच्या एसटीला अजून चार तास होते, दुसरा आयसी होता, धीर धरायला हरकत नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं.

"पैल्या गाडीनंच आलो," कल्लप्पा पिशवी ठेवत म्हणाले. "हेमा, पाणी दे गं. काय जावईबापू, बोलतोय न्हवं?"

भीमाशंकरनं तोंडातलं बोट काढलं. "बोलेल मामा. जरा... गरम होतोय."

"माणसासारखं हाय की मग. गरम झाल्यावरच बोलतंय." ते टेबलाजवळ येऊन बसले. कुडत्याच्या खिशात किल्ली खुळखुळली. तो आवाज भीमाशंकरला थेट पोटात ऐकू आला. आपण आता जन्मभर सूतगिरणीत आवक-जावक लिहीत मरणार, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि सासऱ्यांदेखत त्याला रडू येईल असं वाटायला लागलं.

कापसावर दुसरा आयसी ठेवला होता. कल्लप्पांनी तो उचलला. "ह्ये काय?"

"तेच मामा. इटलीचं. अस्सल."

चाळीस वर्षं मैंदर्गीच्या बाजारात धान्य घेतलेला तो माणूस. हातात काहीही आलं, ज्वारी असो, तूर असो, की लग्नपत्रिका, ते चोळून बघायची त्यांना सवयच लागली होती. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली, आयसी तळहातावर घेतला आणि दाणा बघावा तसा दोन-चारदा चोळला.

मग त्यांनी अंगठा वर केला. इटली अंगठ्यावर आली होती.

"रंग सोडतोय की हो," कल्लप्पा म्हणाले.

आयसीवर आता कानशीनं घासल्याचे ओरखडे होते, आणि त्यांच्या खाली दुसराच कुठला तरी नंबर डोकं वर काढत होता. त्या नंबरच्या आयसीला रेडिओशी काही देणंघेणं नसावं. भीमाशंकरनं सर्टिफिकेटकडं बघितलं. सर्टिफिकेटनं काही मदत केली नाही.

"अप्पा, चहा घ्या," हेमावती बाहेर आली. तिनं कपबशी ठेवली आणि तिच्याशेजारी हळदीच्या डब्यातली एक पुडी ठेवली. "आणि अहो, हे घ्या. जोतीरामकडून आणलाय काल. बंगलोरचा. पावती हाय."

कल्लप्पांनी तोही चोळला. थुंकी लावून चोळला, धोतराला पुसून चोळला. बंगलोर जागचं हललं नाही.

"नाव लपवत न्हाई त्यो माल घ्यावा," ते म्हणाले. "लावा."

भीमाशंकरनं इटलीचा काढला, बंगलोरचा बसवला. चहावर साय धरली. त्यानं डोळे मिटून बटण दाबलं.

एक क्षण काहीच नाही. मग खोलीभर एक कानडी भजन घुमलं. कल्लप्पांनी मान डोलावली, आवाज वाढवायला बटण फिरवलं, आणि आत कुणीतरी पापड मोडले.

खरखर होती तिथंच होती.

कल्लप्पांनी आधी रेडिओकडं बघितलं, मग जावयाकडं. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली. भीमाशंकरनं हात पुढं केला. किल्ली त्या हातावरून गेली आणि हेमावतीच्या हातात पडली.

"दुकान तुजं, हेमा. खरेदी तू करायची. ह्ये आत बसून डाग देतील. पलंगाखालचा बोर्ड तेवढा बदलून घे."

"मामा!" भीमाशंकर कळवळला. "एकदा चूक झाली. तुमच्याकडून कधी झाली नाही?"

"झाली की. चाळीस वर्सात चोळल्याबिगर माल घेतला न्हाई, एक डाव सोडून."

"कधी?"

"पाच वर्सं झाली. अक्षता टाकल्या तवा." कल्लप्पांनी बशीत चहा ओतला. "आन् परत करावा म्हनलं तर पावती बी घेतली न्हाई."