देखण्या अक्का

रविवार, दुपारी चार. ठिकाण, आमचं लातूरचं घर. हजर: मी, आमचे हे, मुलगी ऋतुजा, थोरले भाऊजी आणि त्यांच्या पत्नी अक्का, म्हणजे माझ्या जाऊबाई. नांदेडहून ऋतुजाला बघायला आलेला मुलगा, त्याची आई आणि मामा.

अक्का वाटेतला एकही आरसा सोडत नाहीत. फ्रिजचं दार, उभ्या गाडीची काच, घासलेलं पातेलं. थांबतात, पदर सारखा करतात आणि स्वतःलाच सांगतात, "लई ग्वाड दिसून राहिले." अंगानं माझ्या दुप्पट. मी रोज पहाटे चालते, रात्री अर्धी भाकरी खाते आणि फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. अक्का पुढं, मधोमध. मला ते बघवत नाही.

औशाच्या स्थळानं ऋतुजाबद्दल "मुलगी अंगानं जरा जास्त आहे" असा निरोप धाडला होता. तेव्हापासून ती घरातही ओढणी लपेटून बसते. मी तिला खाण्याचा तक्ता करून दिला. रडायला मात्र ती अक्कांकडे गेली.

आजही खोलीतून येईना. मी दारातून समजावलं, मग दटावलं. शेवटी अक्का आत गेल्या आणि तिला हसवत घेऊन आल्या. ओढणी आतच राहिली. पोट माझं, पण पोर त्यांची.

मुलगा घरात टोपी घालून बसलेला. सगळ्यांनी पाहिलं, कुणी बोललं नाही. पोह्यांची बशी देता देता अक्का म्हणाल्या, "टोपी काढा की बाळा. केस गेले तर गेले. आमच्या ह्यांचे लग्नाआधीच गेलते, तरी मी हाव म्हणले."

भाऊजींनी टक्कल खाजवलं. मामांना ठसका लागला. स्थळ गेलं, असं मी मनाशी धरलं.

मुलानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळ पार मागं गेलेलं. ऋतुजानं पहिल्यांदा मान वर केली. "मला वाटलं, मी एकटीच लपून बसलेय," ती म्हणाली. तो हसला. मग दोघं बोलतच राहिले.

निघताना मुलाची आई दारात माझ्या कानाशी म्हणाली, "तुमच्या जाऊबाई किती देखण्या हो. नजर हलत नाही."

कपबशा विसळताना अक्कांनी हळूच विचारलं, "सुनंदा, पाहुणीबाई माझ्याबद्दल काही म्हणल्या का गं? ह्यांना विचारलं कशी दिसते, तर ह्यांनी पेपर उलटला. एकदा कुणीतरी आपणहून म्हणावं वाटतं."

"घाईत होत्या," मी म्हणाले.

बशा कपाटात लावल्या. रात्री पाहुणे नांदेडला पोचल्याचा फोन आला. अक्कांना खरं सांगणं राहिलं आहे.